निकॉन डी७५०० : हौशी छायाचित्रकारानं आज घ्यावा का?

टेकडीकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा कवडीपाटला गळ्यात कॅमेरा दिसला की हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, "डीएसएलआर घ्यायचाय, जुना चालेल, पण मोबाईलच्या पुढचं काहीतरी हवंय. कुठला घेऊ?" बरीच मंडळी मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) वळल्यामुळे सेकंडहँड बाजारात चांगल्या बॉड्या येताहेत, आणि मधल्या पट्ट्यात सारखं समोर येणारं नाव म्हणजे निकॉन डी७५००. मी तो पक्ष्यांसाठी वापरतो आणि गणपतीच्या गर्दीतही वापरतो. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की त्यात कॅमेऱ्याचं बरं-वाईट दोन्ही कळतं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. तुम्ही कुठल्या उजेडात फोटो काढता आणि तुमच्याकडे कुठल्या लेन्स आहेत, या दोन गोष्टींवर बॉडी ठरवा. मेगापिक्सेल त्यानंतर.

डी७५०० एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला. त्याच्या आधीच्या डी७२०० मध्ये २४.२ मेगापिक्सेल होते, यात २०.९. आकडा कमी झाला म्हणून तेव्हा पुष्कळ जण नाराज झाले. पण हा सेन्सर डी५०० मधला, म्हणजे निकॉनच्या सगळ्यात वरच्या डीएक्स (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीतला. फोटोची लांब बाजू ६००० ऐवजी ५५६८ पिक्सेल येते. बालगंधर्वच्या कलादालनात लावायला १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढायची, तर ३०० डीपीआयला ५४०० पिक्सेल लागतात. म्हणजे काही न कापता ती आरामात निघते.

खरा फरक कळतो तो भिगवणला. उजनीच्या पाणलोटात पहाटे होडीतून निघालं की पहिला अर्धा-पाऊण तास उजेड फारच कमी असतो आणि नेमके त्याच वेळी पट्टकादंबांचे थवे उठतात. डी७२०० वर १४ बिट रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) लावलं तर १८ फ्रेमनंतर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो. थवा वर उठेपर्यंत कॅमेरा थांबलेला असतो. डी७५०० सेकंदाला ८ फ्रेम घेतो आणि तशाच रॉच्या ५० फ्रेम सलग साठवतो, म्हणजे सहा सेकंद बोट दाबून ठेवता येतं. उडत्या पक्ष्याच्या बाबतीत सहा सेकंद म्हणजे पूर्ण प्रसंग.

फोकसचे बिंदू दोन्हींत ५१, त्यातले मधले १५ क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे. मात्र डी७५०० मध्ये ग्रुप एरिया फोकस (शेजारचे काही बिंदू एकत्र वापरणारा) आला, जो डी७२०० मध्ये नव्हता. मोकळ्या आभाळात घार किंवा ऑस्प्रे पकडताना मी तोच लावतो. एका बिंदूवर पक्षी धरून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं. पक्षी झाडीत असेल तर मात्र सरळ एकच बिंदू. सिंहगड व्हॅलीत फांद्यांआडचा स्वर्गीय नर्तक टिपताना ग्रुप लावला की फोकस जवळच्या काटकीवर बसतो.

मीटरिंगबद्दल, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्याबद्दल, फार कमी बोललं जातं, आणि मला तर ही या कॅमेऱ्याची सगळ्यात मोलाची बाजू वाटते. १ लाख ८० हजार पिक्सेलचा आरजीबी मीटरिंग सेन्सर डी५०० मधूनच आलाय, आणि सोबत हायलाइट वेटेड मीटरिंग आहे. काळपट पाण्यावर पांढरे-गुलाबी रोहित (फ्लेमिंगो) असले, किंवा दिवे घाटात ढगाळ आभाळाखाली पांढऱ्या कपड्यांतले वारकरी असले, की साधं मीटरिंग गडद भाग बघून पांढरा रंग जाळून टाकतं. हायलाइट वेटेड लावलं की पिसांचा आणि सदऱ्याच्या घड्यांचा तपशील शिल्लक राहतो. सावलीचा भाग काळा येतो, पण रॉमधून तो उचलता येतो. जळालेला पांढरा कशानंच परत येत नाही.

आता विसर्जन मिरवणूक. अंधार पडल्यावर लक्ष्मी रोडवर किंवा अलका चौकात ढोलाची टिपरी गोठवायची तर शटर १/५०० च्या खाली नेऊन चालत नाही. ३५ मिमी एफ/१.८ लेन्स लावली तरी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जावंच लागतं. ६४०० ला मी बिनधास्त काढतो. १२,८०० ला नॉइज काढायला नंतर थोडी मेहनत पडते, पण फोटो ठेवण्याजोगा असतो. त्याच्या वरचे आकडे, आणि विशेषतः ते सोळा लाख चाळीस हजार, विसरून जा.

मिरवणुकीतली दुसरी अडचण दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात. वेगवान शटरवर सलग फोटो काढले की एक उजळ, एक काळपट, एक पिवळट, असं होतं. डी७५०० मध्ये फ्लिकर रिडक्शन आहे. दिवा उजळ असण्याच्या क्षणाशी तो शटर जुळवून घेतो. मिरवणुकीला निघण्यापूर्वी मेनूत जाऊन हे चालू करा. वेग किंचित कमी होतो, पण फ्रेम सारख्या येतात.

उणिवा. कार्डाचा स्लॉट एकच, डी७२०० मध्ये दोन होते. जुन्या मॅन्युअल लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) ओळखणारी एआय कडी काढून टाकली. बॅटरी ग्रिपची सोय नाही. बॅटरी कागदावर ९५० फोटोंची, डी७२०० ची १११०. लहान सेन्सरमुळे मुळातच १.५ पट क्रॉप असतो (चित्र कडांनी कापलं जातं), फोरके व्हिडिओत आणखी १.५ पट होतो, म्हणजे ३५ मिमीची लेन्स जवळजवळ ८० सारखी वागते, त्यामुळे घरातल्या खोलीत शूटिंग करायला हा कॅमेरा नको. आणि स्क्रीनवर बघून फोकस करताना तो संथ आहे, कारण तिथे फक्त कॉन्ट्रास्टवर चालणारं फोकसिंग आहे.

बॉडीचं वजन बॅटरी-कार्डासह ७२० ग्रॅम, पकड खोल आणि हाताला छान बसणारी. पण पक्ष्यांसाठी २००-५०० एफ/५.६ लावलीत की त्या लेन्सचेच २३०० ग्रॅम. तीन किलो गळ्यात घालून सिंहगड व्हॅली चढायची तयारी ठेवा.

तुमचे अनुभव जरूर लिहा.

कोथरूडचा_कॅननवाला

सुरेख लिहिलंय. दुसरी बाजूही यावी म्हणून कॅनन ९०डी बद्दल सांगतो, कारण याच पट्ट्यात तो ऑगस्ट २०१९ मध्ये आलेला, म्हणजे बराच नवा कॅमेरा आहे. ३२.५ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम, ४५ फोकस बिंदू आणि सगळेच्या सगळे क्रॉस टाइप. फोरके व्हिडिओ पूर्ण रुंदीचा मिळतो. बॅटरी १३०० फोटोंची.

मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा कवडीपाटला होतो. शेकाट्या, धोबी, तुतारी हे सगळे पाण्याच्या पातळीवर. त्यांच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो हवा तर चिखलात पालथं पडावं लागतं, आणि पालथं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की मानेचे हाल. ९०डी ची स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते आणि ड्युअल पिक्सेल या कॅननच्या फोकस पद्धतीमुळे स्क्रीनवरचं फोकस झपाट्यानं होतं. कॅमेरा जमिनीला टेकवायचा आणि बोटानं पक्ष्यावर टॅप करायचं. त्यासोबत जुनी ४०० मिमी एफ/५.६ एल आहे. तिला स्टॅबिलायझर नाही, पण वजन सव्वा किलो. कॅननच्या १.६ पट क्रॉपनं ती ६४० सारखी दिसते, आणि दिवसभर हातात धरता येते.

टेकडीकर

@कोथरूडचा_कॅननवाला, जमिनीलगतच्या कामात ९०डी निर्विवाद सरस, पूर्ण मान्य. व्हिडिओ करणाऱ्यांनीही तोच घ्यावा.

फक्त एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ३२.५ मेगापिक्सेलचा एकेक पिक्सेल सुमारे ३.२ मायक्रॉनचा, डी७५०० चा ४.२ च्या आसपास. पिक्सेल जितका बारीक तितकं हाताचं हलणं, लेन्सचा मऊपणा, उन्हातल्या हवेची थरथर हे सगळं शंभर टक्के झूमवर जास्त दिसतं. स्वस्त झूम लेन्सवर तुम्हाला ते जादा मेगापिक्सेल मिळतच नाहीत. तुमच्या ४०० एल वर मिळतात, कारण ती लेन्स त्या तोलाची आहे.

रीळकाका

टेकडीकर, तुम्ही एआय कडीचा मुद्दा एका वाक्यात संपवलात, आमच्यासारख्यांसाठी तोच मुख्य आहे. माझ्याकडे रीळच्या काळातल्या ५० आणि १०५ मिमीच्या मॅन्युअल लेन्स आहेत. काच आजही निर्मळ आहे आणि १०५ वर चेहऱ्याचा जो फोटो येतो तो बघून नातवंडंही विचारतात, आजोबा, हा कशानं काढला. या लेन्स डी७५०० वर बसतात, पण मीटरिंग मिळत नाही. मॅन्युअल मोडवर अंदाजानं एक्स्पोजर लावायचं, मागे बघायचं, परत काढायचं. डी७२०० मध्ये मेनूत लेन्सची लांबी आणि छिद्र भरलं की अॅपर्चर प्रायॉरिटीवरसुद्धा (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) चालतं. म्हणून मी डी७२०० च ठेवला.

दुसरं, दोन स्लॉट. घरातल्या मुंजी-लग्नाला फोटो काढायची जबाबदारी आपल्यावर असते. मंगलाष्टकं परत होत नाहीत. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरताहेत म्हटल्यावर मन स्वस्थ राहतं.

आणि ज्यांच्याकडे ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या जुन्या ऑटोफोकस लेन्स आहेत त्यांच्यासाठी : या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. डी७२०० आणि डी७५०० दोन्हींच्या बॉडीत मोटर आहे, त्यामुळे ऑटोफोकस चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत नाही. स्वस्त मिळतोय म्हणून डी५६०० घ्याल आणि घरची ५० मिमी हातानं फिरवत बसाल.

टेकडीकर

काका, अगदी बरोबर. तुमच्यासारख्या लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी डी७२०० च घ्यावा, यात मला काही शंका नाही. मंगल कार्यालयात तर दोन स्लॉटला पर्याय नाही.

सातवीण

माझा प्रश्न पावसाळ्याचा आहे. मी टेकडीवर आणि ताम्हिणीत कीटक, रानफुलं, बेडूक यांचे मॅक्रो फोटो काढते, म्हणजे माझा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. डी७५०० "वेदर सील्ड" आहे म्हणतात, त्यावर किती विसंबावं? आणि बुरशीचं काय? माझ्या एका मैत्रिणीची लेन्स कपाटात ठेवल्या-ठेवल्या गेली.

टेकडीकर

सातवीण ताई, बॉडीच्या सांध्यांना आणि बटणांना रबर आहे, भुरभुर पावसाची चिंता नाही. पण पाणी शिरतं ते बहुतेक लेन्सच्या बाजूनं. लेन्सच्या धातूच्या कडीभोवती बारीक रबरी पट्टी आहे का ते बघा. ३५ एफ/१.८ जी डीएक्स सारख्या साध्या लेन्सलाही ती आहे, काही किट लेन्सना नाही. आणि झूम करताना नळी आत-बाहेर होणारी लेन्स ओली झाली तर ती आत घेण्याआधी पुसा, नाहीतर नळीवरचं पाणी आत ओढलं जातं.

बुरशीचं म्हणाल तर तिला लागतो दमटपणा, अंधार आणि कोंडलेली हवा. पावसाळ्यातलं आपलं लाकडी कपाट म्हणजे हे तिन्ही. चामड्याची केस तर अजिबात नको, चामडं दमट हवा धरून ठेवतं. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं हायग्रोमीटर, एवढ्यावर काम भागतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. फार खालीही नेऊ नका, रबर आणि वंगण कोरडं पडतं. निळं सिलिका गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करून घ्यायचं, मात्र खाण्याच्या भांड्यात नको. लेन्स जास्त झाल्या की विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या.

आणखी एक. एसी गाडीतून ताम्हिणीत उतरल्या-उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. गार काचेवर दमट हवेचं बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून तिला बाहेरच्या हवेत थोडा वेळ राहू द्या. या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन वर-खाली कलते, जमिनीवरच्या बेडकासाठी ती तुम्हाला फार उपयोगी पडेल. मॅक्रोत फोकस तसाही हातानंच करायचा असतो, त्यामुळे स्क्रीनवरचं संथ फोकसिंग तुम्हाला आडवं येणार नाही.

नवा_भिडू_हडपसर

सगळ्या दादा-ताई-काकांचे आभार, एका धाग्यात इतकं मिळालं. आता थेट विचारतो. बजेट मर्यादित आहे आणि पक्ष्यांसाठी लांब लेन्सही हवीय. एक डी७५०० बघायला जायचंय, मालक हडपसरचेच आहेत. काय-काय तपासू? आणि घरचे म्हणताहेत की आता डीएसएलआर घेऊच नको, मिररलेस घे.

धोबीपक्षी

तपासणीचं मी सांगते, हे काम मित्रमंडळींसाठी नेहमी करते.

स्वतःचं कार्ड आणि शक्य तर स्वतःची लेन्स घेऊन जा. एक फोटो काढून घरी आणा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर किती वेळा उडालं तो आकडा नोंदलेला असतो, तो दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत. या मॉडेलचं शटर दीड लाखांसाठी तपासलेलं आहे. ३०-४० हजार झाले असतील तर घाबरायचं कारण नाही. आकडा कमी आहे पण रबर सुटलंय, हॉट शूचा (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेचा) रंग उडालाय, असं दिसलं तर मात्र शंका घ्या.

मग एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम फोकस चुकवून फोटो. काळे ठिपके दिसले तर ती धूळ, ती साफ होते. रेघ दिसली तर ओरखडा, तिथूनच परत फिरा. लेन्सला टोपी लावून लांब एक्स्पोजर द्या, म्हणजे पेटलेले पिक्सेल कळतील. फ्लॅश उघडून उडवून बघा. प्रत्येक बटण, दोन्ही चकत्या, कार्डाचं दार. लेन्स सोबत घेत असाल तर छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

बिलावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक जुळायलाच हवा. बिल नाही म्हणाले तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नको.

टेकडीकर

धोबीपक्षी ताईंनी सगळं सांगितलंच आहे. त्यात फोकसची एक चाचणी घाल. तिरक्या ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर लेन्स पूर्ण उघडून फोकस कर आणि नेमकी तीच ओळ स्पष्ट येते का ते बघ. थोडं पुढे-मागे असेल तर डी७५०० मध्ये ऑटो फाइन ट्यून आहे, घरच्या घरी जुळवता येतं. डी७२०० मध्ये ते हातानं आकडे बदलत करावं लागतं.

घरच्यांच्या म्हणण्याबद्दल. ते चुकीचं म्हणत नाहीत. २०२० नंतर निकॉननं नवा डीएसएलआर काढलेला नाही, कॅनननंही नाही. पुढची सगळी लेन्स-बॉडी मिररलेसमध्ये येणार. निकॉनच्या २०१९ च्या झेड५० या मिररलेसमध्येही सेन्सर याच मेगापिक्सेलचा आहे, आणि २०२४ च्या झेड५० टू ला तर पक्षी ओळखून फोकस धरता येतो. नवाकोरा कॅमेरा घेण्याइतके पैसे असतील आणि जुन्या लेन्स घरात नसतील, तर मिररलेसच घे, असं मी स्वतः सांगेन.

पण तू सांगितलेलं बजेट मर्यादित आहे, आणि त्यातून तुला पक्ष्यांसाठी लांब लेन्सही हवी आहे. सेकंडहँड एफ माउंट (निकॉन डीएसएलआरच्या जोडणीच्या) लेन्स मुबलक आहेत. हा माउंट १९५९ पासूनचा. बजेटचा मोठा वाटा लेन्सला दे आणि उरलेल्यात बॉडी बसव. २००-५०० उद्या एफटीझेड अॅडॉप्टरवर (एफ लेन्स झेडला जोडणाऱ्या) झेड बॉडीलाही लागेल, ऑटोफोकससकट. फक्त काकांनी सांगितलेल्या डी प्रकारच्या लेन्स तिथे हातानं फोकस कराव्या लागतील, कारण त्या अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही. शिवाय बॅटरी. झेड५० एका चार्जमध्ये तीनशेच्या आसपास फोटो देतो. भिगवणला पहाटेपासून होडीत बसायचं, तर डी७५०० ची एकच बॅटरी पुरते.

नवा_भिडू_हडपसर

ठरलं दादा, डी७५०० आणि २००-५००. लेन्स मुंबईला बोरा बाजारात बघून येतो. एकच शेवटचं, कार्ड कुठलं घेऊ? दुकानदार यूएचएस-टू (जास्त वेगाचं एसडी कार्ड) घ्यायला सांगतोय.

टेकडीकर

नको, पैसे वाया जातील. डी७५०० चा स्लॉट यूएचएस-वन आहे, टू चं कार्ड त्यात चालतं पण वेग वनचाच मिळतो. चांगल्या कंपनीचं वेगवान यूएचएस-वन घे, आणि २५६ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घे. १४ बिट रॉची फाइल साधारण २५ एमबीची, म्हणजे एका कार्डात दोन हजारांहून जास्त फोटो बसतात. स्लॉट एकच असल्यामुळे सकाळचं कार्ड दुपारी बदल, काढलेलं डबीत घालून खिशात ठेव, कॅमेऱ्याच्या बॅगेत नको. घरी आल्यावर दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नकोस, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर.

बोरा बाजारात लेन्स घेताना कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड आहे का ते विचार. बाहेरून आणलेली असेल तर इथे वॉरंटी मिळेल हे धरून चालू नकोस.

रीळकाका

आणि भिडू, ९५ मिमीचा फिल्टर म्हणून काहीतरी स्वस्त काच त्या २००-५०० पुढे लावू नकोस. हूड उलटी न ठेवता नेहमी सरळ लाव, तेवढं संरक्षण पुरतं.